जेवणापूर्वीचे तंतुमय पदार्थ आणि रक्तशर्करा

जेवणाच्या थोडे आधी किंवा सुरुवातीलाच तंतुमय पदार्थ घेतल्यास जेवणानंतर रक्तातील ग्लुकोजची पातळी सावकाश आणि तुलनेने कमी वाढते. हा परिणाम मुख्यतः पाण्यात मिसळून घट्ट, बुळबुळीत द्रव तयार करणाऱ्या तंतूंमुळे होतो. मधुमेहाच्या आहारनियोजनात त्याचा पूरक उपाय म्हणून विचार होतो. तो औषधांना पर्याय नाही.

तंतूंचे प्रकार

आहारातील तंतू (चोथा) हे वनस्पतिजन्य अन्नातील असे घटक होत, ज्यांचे मानवी लहान आतड्यात पचन होत नाही. ओट व जव यांतील बीटा-ग्लुकान, फळांतील पेक्टिन, गवार व मेथी यांच्या बियांतील गॅलॅक्टोमॅनन हे विद्राव्य तंतू आहेत. इसबगोलाच्या बियांचे टरफलही पाणी शोषून जेलीसारखे फुगते. गव्हाच्या कोंड्यातील तंतू बहुतांशी अविद्राव्य असतात. ते मलावरोध कमी करतात, मात्र जेवणानंतरच्या रक्तशर्करेवर त्यांचा तात्काळ परिणाम अल्प असतो.

कार्यपद्धती

घट्ट द्रवामुळे जठरातील अन्न लहान आतड्यात सावकाश उतरते. तेथे पाचक विकरे पिष्टमय पदार्थांपर्यंत हळूहळू पोहोचतात आणि तयार झालेले ग्लुकोज आतड्याच्या भित्तिकेपर्यंत जाण्यास वेळ लागतो. परिणामी ग्लुकोजचे शोषण दीर्घ काळात विभागले जाते व इन्सुलिनची तातडीची गरज कमी होते. न पचलेले काही तंतू मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवतात. त्यातून लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात.

संशोधन

१९७०च्या दशकात डेनिस बर्किट आणि ह्यू ट्रॉवेल यांनी कमी चोथ्याचा आहार व आधुनिक जीवनशैलीचे आजार यांचा संबंध मांडला. डेव्हिड जेन्किन्स व सहकाऱ्यांनी १९७८ साली निरोगी व्यक्तींना ग्लुकोजच्या द्रावणासोबत निरनिराळे तंतू दिले. त्यांत गवार गोंद सर्वांत प्रभावी ठरला. परंतु रासायनिक प्रक्रियेने त्याचा घट्टपणा नष्ट केल्यावर परिणामही नाहीसा झाला. यावरून तंतूंच्या केवळ वजनापेक्षा त्यांचा घट्टपणा महत्त्वाचा असल्याचे दिसून आले.

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांना एकच जेवण दोन वेगवेगळ्या क्रमांनी देण्यात आले. भाज्या व कोंबडीचे मांस आधी आणि पाव व संत्र्याचा रस १५ मिनिटांनी घेतल्यावर, उलट क्रमाच्या तुलनेत ६० मिनिटांनंतरची रक्तशर्करा सुमारे ३७ टक्के कमी आढळली. या प्रयोगात तंतूंबरोबर प्रथिनेही आधी दिलेली असल्यामुळे संपूर्ण परिणामाचे श्रेय एकट्या तंतूंना देता येत नाही.

आहारातील उपयोग

महाराष्ट्रीय जेवणात कोशिंबीर, पालेभाजी आणि उसळ यांतून तंतू मिळतात. हे पदार्थ भात किंवा पोळीच्या आधी खाल्ल्यास अन्नाचा क्रम सहज बदलता येतो. फळांचा गाळलेला रस मात्र अखंड फळाची जागा घेऊ शकत नाही, कारण गाळताना बराचसा चोथा निघून जातो. तसेच आधी कोशिंबीर खाल्ली म्हणून भाताचे प्रमाण वाढवल्यास अपेक्षित लाभ कमी होतो.

मर्यादा व दक्षता

परिणामाचे प्रमाण तंतूचा प्रकार, मात्रा, जेवणातील कर्बोदके आणि व्यक्तीची प्रकृती यांनुसार बदलते. तंतू एकदम वाढवल्यास पोटफुगी व वायू होऊ शकतो. इसबगोल पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास ते घशात किंवा अन्ननलिकेत अडकण्याचा धोका असतो. गिळण्यास त्रास असणाऱ्या, आतड्यात अडथळा असणाऱ्या किंवा जठर मंदावलेल्या रुग्णांनी ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. तंतूंच्या पूरकांमुळे काही औषधांचे शोषण लांबू शकते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांनी आहारात मोठा बदल करताना रक्तशर्करा तपासणे आवश्यक असते, कारण ती प्रमाणाबाहेर खाली जाऊ शकते.