दोन दिवसांचे शहर

माझी पुतणी जर्मनीत फ्रँकफुर्टला नोकरी करते. गेल्या उन्हाळ्यात एके रात्री तिचा फोन आला. शनिवार-रविवारची सुट्टी, गाठीला बेताचे पैसे आणि युरोपातले एकच शहर पाहायचे. तर कोणते पाहू, असा तिचा प्रश्न. "काका, तुम्ही इतिहास शिकवता, तुम्हीच सांगा." आता मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून काही युरोप दिसत नाही. मी तो पाहिला आहे वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात. पण पुणेकराला कोणी सल्ला विचारावा आणि त्याने तो देऊ नये, हे कसे घडावे?

घरात लागलीच पक्ष पडले. सौभाग्यवतींचे मत पॅरिसला. चिरंजिवांना फुटबॉलपायी म्युनिक हवे. आई म्हणाली, "कुठंही जा म्हणावं, पण स्वेटर घेऊन जा." मी म्हटले, थांबा, आपली माणसे तिकडे गेली ती कोठे गेली, ते आधी पाहू.

पहिले आठवले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. समुद्र ओलांडणे हेच जेव्हा पाप समजले जाई, त्या काळात, १८८६ साली, ते प्राच्यविद्या पंडितांच्या परिषदेसाठी व्हिएन्नाला गेले होते. मग आठवल्या इरावतीबाई कर्वे. १९२८ ते १९३० ही वर्षे त्या बर्लिनला होत्या. गोऱ्या माणसाची कवटी वेगळी आणि म्हणून त्याची बुद्धी श्रेष्ठ, असे त्यांच्या गुरूंना वाटे. बाईंनी कवट्या मोजल्या आणि या कल्पनेला पुरावा नाही, असे त्या गुरूंच्याच संस्थेत बसून लिहून दिले!

या दोघांचा विचार करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यांतले कोणीही शहर 'बघायला' गेले नव्हते. प्रत्येकाचे तिथे काही काम होते. म्हणजे दोन दिवसांत कोणते शहर सर्वांत सुंदर, हा प्रश्नच चुकीचा. आपले काही देणेघेणे असलेले शहर कोणते, हे विचारले पाहिजे. आणि मग उत्तर आपोआप सापडले. फ्रँकफुर्टपासून आगगाडीने जेमतेम दीड तासावर ते होते. मी पुतणीला कळवले, "स्टुटगार्टला जा."

मॅडम भिकाजी कामा या मुंबईच्या पारशी घराण्यातल्या. १८९६च्या प्लेगात त्यांनी रुग्णांची सेवा केली, त्या दुखण्याने त्यांनाही गाठले. उपचारांसाठी म्हणून १९०२ साली त्या विलायतेला गेल्या आणि पुढे तेहतीस वर्षे परत आल्या नाहीत. १९०७च्या ऑगस्टमध्ये स्टुटगार्टच्या 'लीडरहाले' या सभागृहात समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सुमारे नऊशे प्रतिनिधी. त्यांत लेनिन होते, रोझा लुक्झेंबुर्ग होत्या. २२ ऑगस्टला साडी नेसलेली ही बाई उभी राहिली, इंग्रजी अमलाखालच्या हिंदुस्थानची दैना तिने सांगितली आणि एक निशाण उलगडले. तीन पट्टे, आठ कमळे, सूर्य, चंद्र आणि मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्'. उठा आणि या निशाणाला वंदन करा, असे तिने सभेला आवाहन केले. स्वातंत्र्याला अजून चाळीस वर्षांचा अवकाश होता. देश नव्हता, पण त्याचे निशाण होते.

रविवारी रात्री पुतणीचा फोन आला. आवाज पडलेला. "काका, तिथं काहीच नाही हो. ते जुनं सभागृह १९४३ सालीच बाँबहल्ल्यात गेलं. आता आहे ते १९५६ सालचं. मी नुसती बाहेर उभी राहून आले." मग जरा थांबून म्हणाली, "पण त्या निशाणाचं पुढं काय झालं?"

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. ऐटीत सांगितले, "इंदुलाल याज्ञिकांनी ते इंग्रजांची नजर चुकवून हिंदुस्थानात आणलं. सभागृह गेलं, पण निशाण राहिलं. आपल्या पुण्यात आहे ते, केसरीवाड्यात!"

"तुम्ही पाहिलंत?"

वाचकहो, वर्गात उत्तर न आलेल्या मुलाची जी अवस्था होते, ती त्या क्षणी माझी झाली. माझा जन्म नारायण पेठेतला. लोकमान्यांनी १९०५ साली घेतलेला हा गायकवाड वाडा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दर भाद्रपदात पाचव्या मानाच्या गणपतीच्या दर्शनाला मी त्याच्या दारातून आत जातो. तेथे हे निशाण आहे, हे मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो. आणि एकदाही पाहिले नाही. जवळच तर आहे, केव्हाही जाऊ, असे म्हणता म्हणता माझे केस पांढरे व्हायला लागले. ही पोर मात्र पदरचे पैसे मोडून एका रिकाम्या जागेसमोर उभी राहून आली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर परस्पर केसरीवाड्यात गेलो. चपला काढायची तेथे काही गरज नव्हती, तरी हात खाली गेला. कापड जुने झाले आहे, रंग विटले आहेत. पण अक्षरे वाचता येतात. ती मी, पहिलीतल्या मुलासारखी, एकेक करून वाचली.

पुतणी यंदा दिवाळीला घरी येते आहे. "पुण्यात दोनच दिवस आहे, काय पाहू?" असे तिने विचारले आहे. या खेपेला मात्र मी न अडखळता उत्तर दिले, आणि तिच्याबरोबर यायला माझ्या वर्गातली बेचाळीस मुलेही तयार आहेत.