रामशास्त्री प्रभुणे : न्याय आणि मनःशांती

मनःशांतीचा विचार निघाला की सामान्यतः मनुष्याच्या डोळ्यांसमोर तपोवन येते, नदीतीर येते, व्यवहारापासून दूर असा एकांत येतो. परंतु पेशवाईच्या ऐन धामधुमीत, पुण्याच्या न्यायासनावर बसून ज्याने चित्ताचा समतोल राखला, असा एक पुरुष मराठ्यांच्या इतिहासात होऊन गेला. त्याचे नाव रामशास्त्री प्रभुणे.

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर असलेले माहुली हे शास्त्र्यांचे गाव. काशीस अध्ययन करून ते पुण्यास आले आणि आपल्या विद्वत्तेच्या बळावर सरन्यायाधीश झाले. 1761 साली थोरले माधवराव पेशवेपदावर आले, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. पानिपतचा घाव ताजा होता. अशा वेळी हा तरुण पेशवा जपजाप्यात फार वेळ घालवू लागला. एके दिवशी शास्त्रीबोवा कामानिमित्त वाड्यात गेले, तो श्रीमंत ध्यानस्थ! शास्त्री मुकाट्याने परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. पेशव्यांनी दिलगिरी दर्शविली, पण जप करणे हा ब्राह्मणाचा धर्मच असल्याचेही सांगितले. त्यावर शास्त्र्यांचे म्हणणे सरळ होते : हा धर्म आचरावयाचा असेल तर राज्याचा मोह सोडावा आणि दोघांनीही गंगातीरी जाऊन बसावे, राज्य करावयाचे असेल तर प्रजेचे हित पाहणे हीच पूजा समजावी. माधवरावांना हे पटले आणि त्यांनी तो क्रम सोडला.

ही हकीकत ग्रँट डफ याने 1826 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केली आहे. तिचे मर्म पूजेच्या निषेधात नाही. दारी आलेल्याचे काम तुंबवून मिळविलेले समाधान हे दुसऱ्याच्या पदरचे असते, हे त्या तरुण राज्यकर्त्यास कळणे अवश्य होते.

पुढे शास्त्र्यांच्या स्वतःच्या कसोटीची वेळ आली. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि सत्ता चुलते रघुनाथराव यांच्या हाती गेली. रामशास्त्र्यांनी चौकशी आरंभिली आणि तिचा धागा खुद्द रघुनाथरावांपर्यंत पोहोचला. त्यांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा देहान्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असे शास्त्र्यांनी तोंडावर सांगितले. एवढ्यावर न थांबता, आपण या कारभारात सेवा पत्करणार नाही आणि पुण्यात पाऊलही ठेवणार नाही, असे बजावून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

हे धैर्य एका दिवसात आलेले नव्हते. त्या दिवसाला पुरेल त्याहून अधिक शिधा घरात ठेवावयाचा नाही, असा शास्त्र्यांचा नेम असल्याचे डफ सांगतो. ज्याच्या गरजा इतक्या थोड्या, त्याला सत्ताधीश घेऊन घेऊन काय घेणार? अधिकार सोडताना मनुष्याचा हात थरथरतो तो बहुधा त्या अधिकारावर पोसलेल्या सवयींमुळे. शास्त्र्यांनी तशा सवयी लावूनच घेतल्या नव्हत्या.

त्यांच्या निर्णयाची अंमलबजावणी मात्र कधीच झाली नाही. बारभाईंनी विरोध मांडताच रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले, 1775 साली सुरतेचा तह केला आणि त्यातून दीर्घ युद्ध उद्भवले. 1783 मध्ये ते मरण पावले ते नैसर्गिक मृत्यूने. मग त्या निवाड्याचे फळ काय? निवाडा देणे एवढाच न्यायाधीशाचा वाटा; तो शास्त्र्यांनी पुरा केला होता. पुण्यात कारभार पालटल्यावर ते रुसून बसले नाहीत. पुन्हा न्यायासनावर आले आणि 1789 साली निधन पावले.

आसन सोडताना त्यांच्या मनात भय नव्हते, ते पुन्हा स्वीकारताना अहंकार नव्हता. कर्तव्याशी इमान राखणाऱ्यास शांतीचा शोध निराळा करावा लागत नाही, याची साक्ष शास्त्र्यांच्या चरित्रात मिळते.