हवामानबदल व आधुनिक तंत्रज्ञान : बौद्ध दृष्टी

माणसाच्या व्यवहारामुळे तापत चाललेली पृथ्वी आणि या तापण्याला कारण ठरलेले, शिवाय त्यावरचा उपाय म्हणूनही पुढे येणारे तंत्रज्ञान, या दोहोंचा बौद्ध तत्त्वांच्या आधारे होणारा विचार. तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. बुद्धाने हवामानबदलाबद्दल काही सांगून ठेवले असेल अशा अपेक्षेने त्रिपिटक चाळणे व्यर्थ आहे. तेथे मिळते ती प्रश्न सोडवण्याची रीत : दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण गेले की ते थांबते आणि ते घालवण्याचा मार्ग आहे. चार आर्यसत्यांची ही मांडणी वैद्याच्या निदानासारखी आहे. तापमानवाढीचे भौतिक निदान विज्ञानाने केलेलेच आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. १८५०–१९०० या काळाच्या तुलनेत २०११–२०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने जास्त होते. कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने हे प्रामुख्याने घडले, इतके विज्ञान सांगते. बौद्ध विचार त्यापुढचे विचारतो : एवढे जाळण्याची गरज कोणाला पडली आणि कशासाठी? प्रस्तुत नोंदीची भूमिका अशी, की या दृष्टीचे मोल निसर्गपूजेत किंवा यंत्रविरोधात शोधू नये. कृतीमागचा हेतू, म्हणजे चेतना, आणि पुरेसे कुठे होते ते ओळखणे, म्हणजे मत्तञ्ञुता (मात्रा जाणणे), या दोन कसोट्या ती हाती देते आणि आजच्या हवामानचर्चेला नेमकी त्यांचीच उणीव आहे.

या कसोट्यांचा सर्वांत भक्कम पुरावा सुत्तांतील उदात्त वचनांपेक्षा विनयपिटकातील बारीकसारीक नियमांत आहे. भर पावसाळ्यात भिक्षू हिरवे गवत आणि लहानसहान जीव तुडवीत हिंडतात अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यातून पावसाळ्यात एका जागी राहण्याचा, म्हणजे वर्षावासाचा, नियम निघाला. झाडेझुडपे तोडणे, जमीन खणणे, जीवजंतू असलेले पाणी गवतावर किंवा मातीवर ओतणे भिक्षूला निषिद्ध ठरले. त्याने जवळ बाळगायच्या आठ वस्तूंत पाणी गाळायचे फडके आहे. हे फडके म्हणजे एक तंत्रच होय, आणि ते कोणत्या हेतूने हाती घ्यायचे हे त्याच्या घडणीतच ठरून गेले आहे : पिणाऱ्याची तहान भागावी आणि पाण्यातला जीवही वाचावा. विनयपिटकाच्याच चुल्लवग्गातील एक प्रसंग याहून बोलका आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय, असा राजाला संशय आला आणि त्याने आनंदाला एकेक पायरी विचारत नेले. आनंद उत्तरला : नवी वस्त्रे ज्यांची चीवरे झिजली त्यांना वाटू. जुन्या चीवरांची अंथरुणावरची आच्छादने करू. ती जुनी झाली की गाद्यांच्या खोळी, खोळी विरल्या की जमिनीवर घालायची बिछायत, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि फडकीही फाटली की त्यांचे तुकडे चिखलात मळून जमीन सारवू. जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे पोतेरे होताना पाहिलेल्या मराठी वाचकाला हा क्रम परका वाटणार नाही. फरक एवढाच, की घरात ओढगस्तीने जे घडे ते संघाने विपुल दान मिळत असतानाही नियम म्हणून पाळले. टंचाईतली काटकसर आणि विपुलतेतली मात्रा या निराळ्या गोष्टी आहेत आणि हवामानाच्या प्रश्नाला दुसरीची गरज आहे.

येथे पहिला आक्षेप उभा राहतो. बौद्ध विचार दुःखाचे मूळ म्हणून दाखवतो ती तृष्णा एकेका माणसाच्या मनातली गोष्ट. औष्णिक वीजकेंद्रे आणि तेलविहिरी मात्र कंपन्या व सरकारे चालवतात. तेव्हा व्यक्तीला संयम शिकवून उत्सर्जन कसे घटणार? पण तृष्णा खाजगी असते हे गृहीतक मूळ ग्रंथांचे नाही. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात समाजाच्या उत्पत्तीची एक कथा आहे. लोक सकाळी सकाळपुरता आणि संध्याकाळी संध्याकाळपुरता तांदूळ आणत आणि तोडला तेथे तो पुन्हा उगवे. एकाने हेलपाटा वाचवायला दोन्ही वेळचा एकदम आणला, दुसऱ्याने दोन दिवसांचा, तिसऱ्याने चार, चौथ्याने आठ. तांदळावर कोंडा आला, तोडलेले पुन्हा उगवेनासे झाले, मग शेताला बांध पडले, चोरी आली, दंड आला आणि दंड करायला राजा आला. एकाची सोय पाहून दुसऱ्याने साठवले आणि साठवण्याची रीतच समाजाची व्यवस्था बनून बसली, हे या कथेतले खरे मर्म. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे हे असल्याने ते उद्भवते हा सिद्धांत, मन आणि व्यवस्था यांना एकमेकांचे कारण मानतो. एकावर बोट ठेवून दुसरे सोडून देण्याची मुभा तो देत नाही. आजचे आकडेही मागणीची ही असमान वाटणी दाखवतात. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या) सहाव्या अहवालानुसार सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या दहा टक्के कुटुंबांकडे जगातल्या घरगुती उपभोगातून होणाऱ्या उत्सर्जनाचा ३४ ते ४५ टक्के वाटा जातो.

केवळ कार्यक्षम यंत्रे आणून हा प्रश्न सुटेल या आशेलाही येथेच मर्यादा पडते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ब्रिटनच्या कोळशाबद्दल दाखवले, की वाफेचे इंजिन सुधारले आणि तेवढ्याच कामाला कमी कोळसा लागू लागला, तेव्हा कोळशाचा एकूण खप वाढला. काम स्वस्त झाले म्हणून ते अधिक करवले गेले. हीच गोष्ट संगणकाच्या बाबतीत दिसते. एकेका गणनेला लागणारी वीज गेली काही दशके सतत घटत आली, तरी २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे जगाच्या एकूण विजेपैकी दीड टक्क्याच्या आसपास वीज वापरली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा आकडा झपाट्याने वर जातो आहे. जेव्हन्सला जे गणितात आढळले त्याचे मानसिक बीज बौद्ध परिभाषेत तण्हा, म्हणजे तृष्णा, हे आहे : मिळण्याने न भागणारी, मिळाल्यावर पुढे सरकणारी तहान. म्हणून सौर पट्ट्या आणि पवनचक्क्या निरुपयोगी ठरत नाहीत; त्या अत्यावश्यक आहेत. मात्र मागणीला वरची मर्यादा नसेल तर स्वच्छ वीज कोळशाची जागा न घेता त्याच्या शेजारी भर म्हणून उभी राहते.

अभ्यासकांनी घेतलेले आक्षेप अधिक गंभीर आहेत. लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ मध्ये पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत शोधली आणि त्यानंतर पौर्वात्य धर्म जात्याच निसर्गस्नेही असल्याचा समज फोफावला. त्याला १९६८ मध्येच यी-फू तुआन या भूगोलज्ञाने चीनचे उदाहरण देऊन छेद दिला : बौद्ध विहारांच्या भव्य बांधकामांना लागणाऱ्या लाकडाने आणि बौद्धांमुळे रूढ झालेल्या दहनसंस्काराने तेथील जंगलतोडीत भर घातली. इयन हॅरिस आणि लँबर्ट श्मिटहाउझेन यांनी मूळ ग्रंथ तपासून दाखवले, की आरंभीच्या बौद्ध विचाराचे लक्ष्य संसारातून सुटका हे आहे, सृष्टीचे रक्षण हे नव्हे. हे सारे मान्य करावे लागते आणि ते मान्य केल्याने प्रस्तुत युक्तिवाद दुबळा होत नाही, कारण बौद्ध समाज निसर्गाशी नेहमी चांगले वागले असा त्याचा दावाच नाही. आणखी एक आक्षेप नियतिवादाचा. अंगुत्तरनिकायातील सत्तसुरियसुत्तात एकामागून एक सात सूर्य उगवतात, नद्या व समुद्र आटतात आणि अखेर पृथ्वी पेटून जाते. हल्ली हे सुत्त तापमानवाढीचे भाकीत म्हणून सांगितले जाते. हा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे : सुत्ताचा विषय अनित्यता आहे आणि त्यातला काळ कल्पांचा आहे. अनित्य आहे म्हणून जळू द्यावे, असा निष्कर्षही त्यातून निघत नाही. देह अनित्य असूनही आजारी भिक्षूची शुश्रूषा करण्याचा नियम बुद्धाने घालून दिलाच. आपत्ती म्हणजे पीडितांच्या पूर्वकर्माचे फळ, ही समजूत तर संयुत्तनिकायातील सीवकसुत्त थेट खोडून काढते. वेदनांच्या कारणांत तेथे पित्त, कफ, वात यांच्याबरोबर ऋतूचा पालटही मोजला आहे आणि सारे काही पूर्वकर्मामुळेच घडते असे म्हणणारे चुकतात, असा निर्वाळा आहे.

यंत्राविषयीचा प्रश्न विसाव्या शतकात दोन दिशांनी हाताळला गेला. १९५५ मध्ये ब्रह्मदेश सरकारचा आर्थिक सल्लागार म्हणून गेलेल्या ई. एफ. शूमाखरने पुढे १९६६ मध्ये बौद्ध अर्थशास्त्राची कल्पना मांडली : कमीत कमी उपभोगातून जास्तीत जास्त कल्याण साधावे आणि कारागिराचे कौशल्य वाढवणारे हत्यार व त्याचेच काम हिरावणारे यंत्र यांत भेद करावा. ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या १९७३ च्या पुस्तकामुळे ती जगभर पोचली. दुसरी दिशा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. पर्यावरणविषयक बौद्ध लेखनात तिची दखल फारच कमी घेतली जाते, ही त्या लेखनातली मोठी उणीव आहे. धम्मदीक्षेच्या अकरा वर्षे आधी, १९४५ मध्ये, गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला फुरसत मिळाल्याशिवाय संस्कृती नाही आणि कष्टांतून फुरसत देते ते यंत्रच. यंत्राचे लाभ मूठभरांना मिळतात हा दोष समाजरचनेचा आहे, तेव्हा बदलायची ती समाजरचना, असा त्यांचा युक्तिवाद होता. व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ या काळात दामोदर खोऱ्यासारख्या जल व वीज योजनांच्या आखणीतही त्यांचा वाटा होता. दारिद्र्याचे गोडवे गाणारा बुद्ध त्यांना मान्य नव्हता आणि ग्रंथांचा आधारही त्यांच्याच बाजूला आहे : चक्कवत्तिसीहनादसुत्तात राजाने निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य, त्यातून चोरी, त्यातून हिंसा असा ऱ्हास सांगितला आहे.

यामुळे पुरेसेपणाची शिकवण कोणाला द्यायची, हा प्रश्न सुटतो. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध होते. त्यांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रातले. त्यांतल्या अनेक कुटुंबांचा मागचा इतिहास गावकुसाबाहेरचा आणि भूमिहीन मजुरीचा आहे, आणि ज्या चवदार तळ्यासाठी १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह करावा लागला त्याचे पाणी त्यांना वर्ज्य होते. अशांना ‘गरजा कमी करा’ म्हणणे क्रूर ठरेल. उन्हाच्या तडाख्यात उघड्यावर राबणाऱ्या माणसासाठी पंखा, पंप आणि स्वस्त वीज ही मात्रेच्या आतली गोष्ट आहे. मत्तञ्ञुतेला दोन टोके आहेत, अति आणि अपुरे, आणि मध्यम मार्ग दोहोंनाही लागू पडतो. शूमाखरची कसोटी श्रीमंत टोकाला जितकी खरी, तितकी आंबेडकरांची गरीब टोकाला. दोन्ही एकाच दृष्टीत बसतात.

संघटित प्रयत्नांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. थायलंडमध्ये १९८८ च्या सुमारास फायाओ प्रांतात जंगलतोड रोखण्यासाठी भिक्षूंनी झाडांना चीवर गुंडाळण्याचा विधी सुरू केला. व्हिएतनामी भिक्षू थिक न्हात हान्ह (१९२६–२०२२) यांनी परस्परावलंबित्वाची शिकवण पाश्चात्त्य जगात रुजवली. २००९ मध्ये आणि पुन्हा पॅरिस हवामान परिषदेआधी २०१५ मध्ये बौद्ध आचार्यांनी संयुक्त हवामान निवेदने काढली. त्यांचे नैतिक वजन मोठे आहे. पण आनंदाच्या वस्त्रांसारखी पायरीपायरीची आचारसंहिता त्यांत नाही.

तशी पायरीपायरीची बुद्धी लडाखमध्ये दिसते. वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस असलेल्या या प्रदेशात शेती हिमनद्यांच्या पाण्यावर चालते, आणि पेरणीच्या एप्रिल-मे महिन्यांत नेमके तेच पाणी उतरलेले नसते. अभियंता चेवांग नोरफेल यांनी ओढ्यांचे पाणी हिवाळ्यात बांधांआड गोठवून कृत्रिम हिमनद्या केल्या. त्याच कल्पनेला सोनम वांगचुक यांनी २०१३–१४ पासून उभा आकार दिला. उंचावरून नळाने आणलेले पाणी केवळ उताराच्या दाबाने उभ्या नळातून वर उसळते, गारठ्यात पडता पडता गोठते आणि त्याचा शंकू, म्हणजे बर्फाचा स्तूप, होतो. त्याच आकारमानाच्या सपाट थरापेक्षा शंकूला ऊन कमी लागते, म्हणून तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतो. पंप नाही, इंधन नाही. फ्यांग येथे द्रिकुंग काग्यू या तिबेटी बौद्ध परंपरेच्या गोम्पाच्या (मठाच्या) पाठबळाने मोठा स्तूप उभा राहिला. पण त्यालाही हेतूची कसोटी चुकत नाही. वरच्या गावाने गोठवलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्याचे तर नाही ना, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते. आणि पर्यटकांसाठी उभारलेला बर्फाचा मनोरा व बार्लीच्या शेतासाठी उभारलेला स्तूप यांचे तंत्र एकच असते.

तंत्र एकच, हेतू निराळा हा पेच भूतानमध्ये राष्ट्राच्या पातळीवर आहे. २००८ च्या संविधानाने देशाची किमान ६० टक्के भूमी कायम वनाच्छादित ठेवण्याचे बंधन घातले. देशाची वने त्याच्या उत्सर्जनाहून अधिक कार्बन शोषतात. तरीही हिमनद्या वितळण्याचा धोका त्याला टळलेला नाही : ऑक्टोबर १९९४ मध्ये लुग्गे हिमतलाव फुटला आणि पुनाखा खोऱ्यात वीसहून अधिक माणसे दगावली. त्याच भागातल्या थोरथोर्मी तलावाची पातळी पुढे माणसांनी हाताने चर खणून सुमारे ५ मीटरने उतरवली, कारण चार हजार मीटरहून उंच त्या जागी अवजड यंत्रे नेता येत नव्हती. हिमालयातून येणाऱ्या नद्यांवर भूतानची जलविद्युत चालते. तिची निर्यात भारताला होते, आणि आता देशाची सरकारी गुंतवणूक कंपनी तिच्यातल्या काही विजेवर बिटकॉइन तयार करणारे संगणक चालवते. ही वीज स्वच्छ आहे, मिळकतही देशाच्या तिजोरीत जाते. हिवाळ्यात नद्यांचे पाणी उतरते, वीज घटते आणि घरे उबदार ठेवायला भूतानला भारताकडून वीज घ्यावी लागते. त्या दिवसांत संगणकांनी किती वीज घ्यावी, याचे उत्तर कार्बनच्या हिशेबात सापडत नाही.