राउटर

राउटर : वेगवेगळी संगणकजाळी जोडून त्यांतील माहितीला वाट दाखवणारे उपकरण. त्याचा पूर्वज म्हणजे अमेरिकेच्या आर्पानेट या संगणकजाळ्यात १९६९ साली बसवलेला आयएमपी हा संगणक.

इंटरनेटवरील माहिती लहान पॅकेटांत विभागून जाते. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. राउटर घेणाऱ्याचा पत्ता आपल्या मार्गसारणीशी ताडून पाहतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे सोपवतो. संपूर्ण रस्ता कोणा एकालाच ठाऊक असावा लागत नाही, हेच या रचनेचे खरे सामर्थ्य. घरगुती राउटरच्या पेटीत प्रोसेसर, रॅम, फ्लॅश मेमरी, पोर्ट व वाय-फायचे अँटेना असतात.

भारतात इंटरनेटसाठी ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू (फायबर) नेण्याच्या राष्ट्रीय योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी घरात फायबर आला, की ओएनटी हे यंत्र प्रकाशसंकेतांचे विद्युतसंकेत करते. पुष्कळदा राउटरही त्याच पेटीत असतो.

जोडणीनंतर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) टाकून मूळ पासवर्ड आधी बदलावा; यात हयगय करू नये. वाय-फायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ही पद्धत निवडावी. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी दूर पोचतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर माहिती वेगाने जाते, पण त्या मराठवाड्यातील जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींत लवकर क्षीण होतात. पत्रे आणि लोखंडी कपाटे लहरी परतवतात, म्हणून राउटर घराच्या मध्याशी, उंचावर ठेवावा. ओएनटी वेगळा असल्यास वीज गेल्यावर त्यालाही बॅटरीचा आधार लागतो. नुसता राउटर चालू ठेवून इंटरनेट मिळत नाही.