फुंकणीतली बंदूक

पामच्या आमच्या जुन्या घरात चुलीजवळ एक लोखंडी फुंकणी असे. हातभर लांब, आणि फुंकणीला न शोभेल इतकी जड. "ही तुझ्या खापरपणजोबांच्या बंदुकीची नळी," आजी सांगे. "चकमकीची बंदूक होती. तिनं त्यांनी काळदुर्गामागच्या डोंगरात सांबर पाडलं." घरात गॅस आला, फुंकणी माळ्यावर गेली. पुढे मी स्थानिक इतिहासाच्या नादाला लागलो, तेव्हा ती पुन्हा खाली काढली. आजीची गोष्ट कितपत खरी, हे मला पाहायचे होते.

आपण सरसकट 'ठासणीची बंदूक' म्हणतो. पण ठासणीच्या बंदुकीच्या तीन पिढ्या आहेत. पहिली तोड्याची. तिच्यात जळती जामगी रंजकाला टेकते. दुसरी चकमकीची. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की गार पोलादी पट्टीवर घासते आणि ठिणग्या रंजकावर पडतात. तिसरी टोपीची, तिला गार लागत नाही, घोड्याखाली स्फोटक टोपी फुटते. आपल्या किनाऱ्याला बंदूक नवी नव्हती. १७३९च्या जानेवारीत तारापूरच्या किल्ल्यावर पोर्तुगिजांशी लढताना बाजी भिवराव गोळी लागूनच पडले.

आमची नळी यांपैकी कोणत्या पिढीची? तारापूर एमआयडीसीत टर्नर असलेल्या मित्राकडे ती नेली. नळीचा मागचा दट्ट्या कोणीतरी कापून टाकला होता. पण बाजूचे बारीक छिद्र शिल्लक होते, शिशाने बुजवलेले. शिसे काढल्यावर छिद्रात आटे दिसले नाहीत. टोपीच्या बंदुकीत त्या जागी आट्यांची निपल बसवतात. म्हणजे ही टोपीची नव्हे. देशी तोडेदार बंदुकीत रंजकाची वाटी बहुधा नळीलाच जोडलेली असते. इथे जोडाची खूणही नव्हती. चकमकीच्या बंदुकीत वाटी कळीच्या पट्टीवर असते, नळीवर नसते. आतला व्यास भरला सुमारे १९ मिलिमीटर. कंपनी सरकारच्या पलटणींच्या मस्केटीचे माप तेच, पाऊण इंच. आत चरे नाहीत, म्हणजे रायफलही नव्हे. १८४०च्या सुमारास ब्रिटिश फौजा टोपीच्या बंदुकीकडे वळल्या. तेव्हा निकालात निघालेली एखादी मस्केट आमच्या घरी आली असावी. आजीची 'चकमकीची' ही आठवण नळीने खरी ठरवली.

पण सांबराचे काय? मोठा नर सव्वादोनशे किलोच्या वर जातो. सिलोनातले इंग्रज शिकारी त्याला 'एल्क' म्हणत. सॅम्युएल बेकरच्या १८५३च्या पुस्तकात हे नाव पानोपानी येते. असे जनावर बिनचऱ्यांच्या नळीने पाडायचे, तर पन्नास-साठ पावलांत गाठायला हवे. त्यातही रंजक पेटणे आणि गोळी सुटणे यांत क्षणाचे अंतर असते. दमट हवेत रंजक सर्दावते. बार झाला की धुराने समोरचे काही दिसत नाही. पुन्हा दारू, गोळी, गज हे सगळे उभ्याने करावे लागते. सांबराचे नाक आणि कान मोठे तिखट. इतक्या जवळ ते आपणहून येत नाही. त्याला आणावे लागते.

आणणारे कोण, हे आजीच्या गोष्टीत नव्हते. ते शोधायला मी डोंगराच्या पायथ्याच्या एका वारली पाड्यावर गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना हाकाऱ्याच्या गोष्टी आपल्या आजोबांकडून कळल्या होत्या. कोणत्या आवळीखाली सांबर पहाटे येते, वारा फिरला की ते कोणत्या खिंडीने उतरते, कोणी कुठे ओरडायचे आणि कोणी गप्प बसायचे, हे त्यांनी मला बोटाने जमिनीवर आखून दाखवले. सावकाराचा निरोप आला की जावेच लागे. तो दिवस वेठीचा. मग त्यांनी विचारले, "मांस कोणी नेलं, ते सांगत नाहीत का तुमच्यात?"

सांगत नाहीत. आमच्या घरातल्या गोष्टीत एक बंदूक आहे, एक सांबर आहे आणि एकच माणूस आहे.

१८७८ साली दोन कायदे झाले. जंगल कायद्याने राखीव जंगले आखली आणि त्यांतली शिकार सरकारी नियमांखाली आणली. हत्यार कायद्याने बंदुकीला परवाना लावला. परवाना मिळायला ओळख लागे, जमीन लागे. ज्याला सांबराची वाट ठाऊक, त्याच्या हाती तीरकमठा उरला, आणि तोही राखीव जंगलात गुन्हा ठरू शकत होता. ज्याच्याकडे सातबारा, त्याच्याकडे बंदूक राहू शकत होती. वेठीविरुद्ध वारली उठले ते १९४५मध्ये. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

१९५९च्या हत्यार कायद्यातही पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद राहिली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मात्र सांबराची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

या वर्षी वाघबारशीला मी पुन्हा त्या पाड्यावर गेलो. नळी सोबत नेली होती. बाबांनी ती हातात तोलली, छिद्रातून उजेड पाहिला आणि म्हणाले, "एवढ्या जवळ आणलं होतं आम्ही." बार किती पावलांवरून होतो, हे मी त्यांना सांगितलेले नव्हते.

आपल्या भागात अशा नळ्या अजून माळ्यांवर पडून आहेत. त्या भंगारात जाण्याआधी त्यांचे छिद्र पाहा, माप घ्या. आणि ती बंदूक घेऊन जो डोंगरात गेला त्याचे नाव लिहाल, तेव्हा हाकाऱ्याला कोणत्या पाड्याची माणसे होती, तेही विचारून लिहा. विचारायला माणसे आता थोडीच उरली आहेत.