मुंतोजी ऊर्फ मृत्युंजय

इतिहासाच्या तासाला मी शेख महंमद श्रीगोंदेकरांचे नाव फळ्यावर लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, ये अपने में के हैं क्या उनके में के?" प्रश्न आमच्या दखनीत होता आणि सरळ होता. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. विष्णुपुरीला घरी आल्यावर रा. चिं. ढेरे यांचे 1967 सालचे 'मुसलमान मराठी संतकवी' पुन्हा काढून बसलो.

शेख महंमदांचे नाव निदान वारकऱ्यांना तरी ठाऊक आहे. कादरी परंपरेतील चांद बोधले हे त्यांचे गुरू. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असे परंपरा सांगते. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' 1645 सालचा. ते स्वतःला 'अविंध' म्हणवतात. जुन्या मराठीत मुसलमानांसाठी हा सर्रास वापरातला शब्द होता. अर्थ, ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. आमच्या घरच्या मुलींचे कान तर लहानपणीच टोचतात! म्हणजे हा शब्द घडवणाऱ्यांनी आमचे फक्त पुरुषच पाहिले असावेत. दुसऱ्याने बाहेरून पाहून ठेवलेले हे नाव शेख महंमदांनी बिनतक्रार उचलले आणि त्याच नावाने अभंग रचले. श्रीगोंद्याच्या त्यांच्या स्थानाला समाधी म्हणावे की दर्गा, यावर मात्र आजही वाद होतात.

पण मला अधिक सांगायचे आहे ते शाह मुंतोजी बहामनी यांच्याविषयी. ते आपल्या फार जवळचे. बीदरच्या बहामनी राजघराण्याशी त्यांचे नाते सांगितले जाते. काळ मात्र बहुतेक अभ्यासक सोळाव्या-सतराव्या शतकाचा धरतात, म्हणजे बहामनी सत्ता संपल्यानंतरचा. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, सहजानंदांचे ते शिष्य झाले आणि मृत्युंजय हे नाव त्यांना मिळाले. दुसऱ्या बाजूला तेच शाह मुतबजी कादरी म्हणूनही ओळखले जातात. माणूस एक आणि त्याच्या आठवणी दोन. त्यांचे स्थान कल्याणीजवळ नारायणपूरला आहे. 1956 पूर्वी उदगीर, निलंगा आणि बीदर एकाच जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत बीदर तिकडे गेले, आणि मुंतोजीही आपल्याकडच्या वाचकांना परके झाले.

'सिद्धसंकेतप्रबंध', 'प्रकाशदीप', 'अद्वैतप्रकाश' असे त्यांचे बरेच मराठी लेखन आहे. माझ्यासारख्या उर्दूच्या माणसाला थांबवते ते 'पंचीकरण'. पंचीकरण हा वेदान्तातला हिशेब: प्रत्येक स्थूल भूतात अर्धा वाटा स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा एक-अष्टमांश. चार अष्टमांश म्हणजे पुन्हा अर्धा. आपल्या देहातली मातीसुद्धा निव्वळ माती नसते. मुंतोजींनी या विषयात वेदान्ताच्या शब्दांशेजारी सूफींचे शब्द आणून ठेवले, तेही मराठीत.

सूफी ग्रंथांत चार आलम येतात. नासूत म्हणजे माणसांचे जग, मलकूत फरिश्त्यांचे, जबरूत सामर्थ्याचे, लाहूत खुदाच्या जातीचे. वेदान्तात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या या चार अवस्था. या दोन चौकड्यांची जोडी दारा शिकोहने 1655 मध्ये 'मजमउल बहरैन' या फारसी ग्रंथात लावली. दारा शहजादा होता, 1659 मध्ये त्याचा वध झाला, आणि त्याचे पुस्तक जगभर गाजले. अशीच खटपट इकडे दक्षिणेत फकीर मंडळी लोकांच्या बोलीत करत होती. सोळाव्या शतकात विजापूरच्या बुरहानुद्दीन जानम यांनी दखनीत लिहिताना युनानी चार तत्त्वांऐवजी पाच तत्त्वे घेतली. मुंतोजी त्याच मातीतले. त्यांचे नाव ना आमच्या उर्दू पुस्तकांत आले, ना मराठी पाठ्यपुस्तकांत.

ही जोडी तंतोतंत जुळते असे मी म्हणणार नाही. लाहूत हा आलम आहे, तुर्या ही जाणिवेची अवस्था. इब्ने अरबींच्या विचारातून पुढे आलेला वहदतुल वुजूद आणि शंकराचार्यांचे अद्वैत यांतही फरक आहेतच. खुद्द मुसलमानांत शेख अहमद सरहिंदींनी (मृत्यू 1624) वहदतुल वुजूदला हरकत घेऊन वहदतुश शुहूद मांडला. तेव्हा आजचे कुणी मौलवीसाहेब मुंतोजींवर नाराज झाले तर त्यात नवल नाही. मात्र 'मुसलमान असूनही संत झाले' असे कौतुक करणारे सज्जन मला जास्त खटकतात. त्या 'असूनही'त नासूत आणि लाहूत पुसले जातात. मुंतोजींनी ते पुसले नव्हते, वेदान्ताच्या शेजारी लिहून ठेवले होते.

पुढच्या आठवड्यात मी फळ्यावर उजवीकडे उर्दूत आणि डावीकडे देवनागरीत हे आठ शब्द लिहिले. मुंतोजींची दोन्ही नावे आणि त्यांचा पंचीकरणाचा हिशेबही सांगितला. मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने वहीत अष्टमांशांची बेरीज करून पाहिली. मग म्हणाला, "सर, बराबर आता है. पर इनका नाम कौन-सा लिखूँ?"

"दोन्ही लिही," मी म्हणालो.