श्रद्धेचा वारसा : शिरूर आणि दौंड

वारसा म्हटला कीं जमीनजुमला, वाडा, देवघरांतले टाक आणि कुळाचार यांची आपणांस आठवण होते. हा वारसा बापाकडून मुलाकडे चालत येतो व त्याला कागदाचा आधार असतो. परंतु जी श्रद्धा एखाद्या मनुष्यानें पूर्वजांचा मार्ग सोडून स्वतः स्वीकारली, ती पुढील पिढीच्या हातीं कशी द्यावयाची? तिला कुळ नाहीं, कुळाचार नाहीं. कित्येकदां तिच्यासाठीं आप्तांचीं दारें बंद झालेलीं असतात. पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या इतिहासांत या प्रश्नाचीं तीन निरनिराळीं उत्तरें आढळतात.

पहिलें उत्तर शिरूरच्या जुन्या गोऱ्या स्मशानांत आहे. शिरूर म्हणजे आपली घोडनदी. पेशवाईच्या अखेरच्या काळांत तेथें इंग्रजांची छावणी होती. त्या फौजेचा अधिकारी कर्नल विल्यम वॉलेस १८०९ सालीं वारला व त्याचें थडगें तेथेंच बांधण्यांत आलें. पुढें पाऊणशें वर्षांनीं, १८८५ च्या पुणें गॅझेटियरांत, अशी नोंद झाली कीं गांवकरी या साहेबाला ‘सत्पुरुष’ म्हणतात आणि सुगीच्या वेळीं नवें धान्य नैवेद्य म्हणून त्याच्या थडग्याशीं आणतात. वॉलेस ख्रिस्ती, नैवेद्य दाखविणारे हिंदु! त्याच्या धर्माची चौकशी कोणीं केली नाहीं. त्याला साधूंच्या पंक्तींत बसवून ते मोकळे झाले. नांव राहिलें, परंतु श्रद्धा मात्र ज्याची त्याच्याबरोबर गेली.

दुसरें उत्तर मिशनऱ्यांचें. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं अहमदनगरास ठाणें दिलें, आणि तेथून त्यांचें काम शिरूरपर्यंत पोंचलें. या भागांत ख्रिस्ती झालेले पुष्कळसे लोक अस्पृश्य मानलेल्या जातींचे होते. त्यांची भाकर बलुत्यावर व गांवकीच्या हक्कांवर अवलंबून असे. धर्म बदलतांच तो धागा तुटण्याची भीति असे. बाप एक वेळ उपाशी राहून श्रद्धा संभाळील. मुलांनीं काय करावें? रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांनीं शिरूरास जी उद्योगशाळा चालविली, तिचें मर्म येथें आहे. तिला सर दिनशा माणेकजी पेटिट या पारशी दानशूराचें नांव होतें. अमेरिकन पाद्री, पारशी दाता आणि मराठी विद्यार्थी असा हा योग! ज्या हाताला काम आहे त्याला श्रद्धा टिकविणें सोपें जातें, हा त्या शाळेचा अर्थ.

तिसरें उत्तर दौंड तालुक्यांतील केडगांवचें, आणि तें पंडिता रमाबाईंचें आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकरूढीविरुद्ध आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें मुलीस दिलें. दुष्काळाच्या दिवसांत आईबाप गेले. मुलीच्या हातीं घर, शेत, पैसा यांपैकीं कांहींच आलें नाहीं; आली ती विद्या. तिच्याच बळावर कलकत्त्याच्या पंडितांनीं १८७८ सालीं त्यांस ‘सरस्वती’ म्हटलें. पुढें वैधव्य आलें, इंग्लंडचा प्रवास घडला, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

स्वदेशीं परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. मुलींना धर्म शिकवावयाचा नाहीं, असें अभिवचन होतें. परंतु बाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचें दार उघडें असे व मुली आंत जाऊन बसत. यावरून १८९३ सालीं मोठें वादळ झालें. ‘केसरी’नें टीकेची झोड उठविली, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि पालकांनीं कित्येक मुली काढून नेल्या. दोन्ही पक्षांचें म्हणणें समजून घेण्याजोगें आहे. पालक म्हणत, आमच्या मुली आम्हीं विद्येसाठीं सोंपविल्या होत्या. बाई म्हणत, मीं माझी श्रद्धा लपवून ठेवावी हें वचन मीं दिलें नव्हतें. श्रद्धा दडवावी तर ती खोटी ठरते, आणि दाखवावी तर दुसऱ्याच्या लेकरावर तिची छाया पडते!

पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत बाईंनीं मध्यप्रांतांतून अनाथ मुली आणल्या. प्लेगमुळें त्यांना पुण्यांत ठेवणें अशक्य झालें, म्हणून केडगांवच्या माळरानावर घेतलेल्या जमिनींत बिऱ्हाड हलविलें. तेंच ‘मुक्ति’. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारें दोन हजारांवर गेली. येथें मात्र धर्म उघडपणें शिकविला जाई. अन्नाबरोबर आलेली श्रद्धा कितपत स्वतंत्र, ही शंका तेव्हांहि घेतली गेली व ती अप्रस्तुत नाहीं. पण केडगांवीं अन्नाबरोबर आणखीहि कांहीं मिळे. विहिरी खणल्या गेल्या, माग लागले, छापखाना निघाला. आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचतां येऊं लागलें.

बाईंची इच्छा होती कीं संस्थेचा भार पुढें मनोरमाबाईंनीं वाहावा. परंतु १९२१ च्या जुलईंत मनोरमाबाई वारल्या. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं बाईंचा एकुलता एक रक्ताचा वारस गेला. तरीहि हातचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्या बायबल मराठींत आणीत होत्या, तें खेड्यांतील बाईला समजेल अशा सोप्या भाषेंत. ज्या स्त्रियांना अक्षराची ओळख नव्हती, त्यांनींच छापखान्यांत त्याचे खिळे जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाईंनीं देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला.

श्रोतेहो, या ग्रंथाचें नशीब विचार करण्याजोगें आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सर्वत्र चालला तो बायबल सोसायटीचा तर्जुमा; रमाबाईंचा नव्हे. मुलगी राहिली नाहीं, ग्रंथ घरोघर पोंचला नाहीं. मग वारसा गेला कोठें? तो त्या खिळे जुळविणाऱ्या हातांत गेला. अनंतशास्त्र्यांनीं पत्नीला अक्षर दिलें. तेंच अक्षर केडगांवच्या माळावर दुष्काळांतून आलेल्या पोरींपर्यंत पोंचलें. शास्त्रीबोवांच्या मनांत हें खचित नव्हतें! मुक्तिमिशन आजहि केडगांवीं चालू आहे.

शिरूरच्या थडग्यापुढें लोकांनीं धान्य ठेवलें, उद्योगशाळेनें हातांत हत्यार दिलें, केडगांवनें अक्षर दिलें. श्रद्धा स्वतः कोणाच्या पदरांत घालतां येत नाहीं. ती स्वीकारावयाची कीं नाकारावयाची, हें ठरविण्याचें सामर्थ्य मात्र देतां येतें. आणि ज्यानें तें दिलें, त्यानें पुढची पिढी आपल्याहून निराळा मार्ग धरील ही जोखीमहि पत्करलेली असते. अनंतशास्त्र्यांनीं ती पत्करली होती. आणि ज्या दिवशीं रमाबाईंनीं पहिल्या मुलीच्या हातीं पाटी दिली, त्या दिवशीं त्यांनींहि.